आवाज खाली उतरवताना

मारियामाउलीला मी चांदीच्या हृदयाचा नवस बोलले होते, ते माझ्या धाकट्या बहिणीचं तोंड मिटावं म्हणून. ऐकायला विचित्र वाटेल. पण त्या उन्हाळ्यानंतर रिमिनीतल्या आमच्या घराला दुसरं मागणंच उरलं नव्हतं.

नीवेस आणि तिची मैत्रीण ओंदीना, ही जोडी जेमतेम एक उन्हाळा गाजली. किनाऱ्यावरच्या डिस्कोंत दोघी चंदेरी कपडे घालून नाचायच्या. गळा मात्र तोस्काबाईंचा. त्या पन्नाशीच्या, स्थूल. म्हणून त्यांना कुणी पुढे आणलंच नाही. टेप वाजायची, मुली ओठ हलवायच्या. तोस्काबाई श्वास कुठे घेतात, तेसुद्धा नीवेसने पाठ केलं होतं.

त्या गाण्यांना शेवट नसायचा. बाई गातच राहायच्या आणि ब्रूनो, त्यांचा निर्माता, बटण ओढून आवाज हळूहळू खाली उतरवायचा, पार विरेपर्यंत. शेवटच्या गाण्याला आवाज असाच उतरला आणि स्टुडिओतल्या ध्वनिबंद खोलीत तोस्काबाई कोसळल्या. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. दाराला आतून मूठ नव्हती. उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं.

ओंदीना गावी निघून गेली. नीवेस मात्र गातच राहिली. आवाज नाही, नुसते ओठ. जेवताना, प्रार्थनेत, झोपेतसुद्धा. तोंडात घास ठरेना. पोर वाळत चालली.

"ताई," एकदा श्वासाच्या जागी ती कशीबशी पुटपुटली, "मला शेवटच माहीत नाही गं... थांबू कुठे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला घेऊन ब्रूनोच्या स्टुडिओत गेले. झडपा ओढलेल्या, गालिच्याला जुन्या सिगारेटींचा वास.

"मूळ टेप लाव. बटण वर ठेवून."

"वेड लागलंय का, एलीदे? मी ती परत ऐकलेली नाही."

"मग आता ऐक. पोरीच्या जिवावर रेशमी शर्ट घालून मिरवलास ना? लाव!"

गाणं विरायच्या जागी आलं, आणि विरलं नाही. पुढे चालू राहिलं. टेपवरचा श्वास आणि नीवेसचा श्वास एकच. मग धप्प आवाज. नंतर दारावर नखं... आणि अगदी हळू, "उघडा... कुणीतरी..." नीवेसचे ओठ तेच म्हणत होते.

मी धावले. खोलीचं दार सताड उघडलं. आत कुणी नव्हतं. नुसता तोस्काबाईंच्या पावडरचा कोंदट, उबदार वास. मागून नीवेस म्हणाली,

"ताई, भूक लागलीय."

तिचं तोंड मिटलं होतं! मी तिला मिठीच मारली. ब्रूनो मात्र यंत्राकडे बघत होता. टेप अजून फिरत होती. तिच्यावर माझी धावती पावलं होती. दार उघडल्याची करकर होती. मग दार लागल्याचा आवाज. आमच्यासमोर तर ते उघडंच होतं... आणि त्या लागलेल्या दाराआडून गाणं सुरू झालं, नीवेसच्या आवाजात. तिचा आवाज कधीच कुणी टेपवर घेतलेला नव्हता.

"ब्रूनो, थांब, ऐकू दे..."

पण तो घाबरला, आणि सवयीने त्याचा हात बटणावर गेला. आवाज हळूहळू उतरत विरून गेला.

मी चांदीचं हृदय वाहिलं. घरी आणलेली मुलगी पोटभर जेवते, हसते. माउलीने माझं ऐकलं, यात मला शंका नाही. तरी माझ्या एकटीचा नवस पुरेसा पडेल असं वाटत नाही. तुम्हीही एक बोला ना... आत जी कुणी राहिली असेल, तिच्यासाठी.