आबांचा अंगठा

यंत्र म्हणालं, "तुमची ओळख पटली नाही. तुम्ही धोंडिराम कोळेकर नाही."

धोंडिराम कोळेकर ट्रकच्या केबिनमध्ये बसून हे ऐकत होते. शेजारी त्यांची नात रुंजी. वय अकरा, शाळेला सुट्टी, म्हणून मिरजेपासून आंबा घाट उतरून शंखवाडी बंदरापर्यंत आबांबरोबर आलेली.

"आबा, मग तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"आता काय सांगू? सकाळपर्यंत तरी मीच हुतो."

रुंजी हसली, पण आबा हसले नाहीत. फाटकावरच्या पडद्यावर लाल अक्षरांत 'प्रयत्न दुसरा' असं उमटलं होतं. तिसऱ्यांदा अंगठा चुकला की ड्रायव्हरचा पास गोठतो. मग दीड महिना चौकशी, आणि एका खोलीत चार साहेबांसमोर उभं राहून सिद्ध करायचं की मी मीच आहे. बत्तीस वर्षं ज्या हातांनी या बंदराच्या बोटी भरल्या, त्या हातांवर ही वेळ.

शंखवाडीच्या धक्क्यावर आता क्रेन आपल्या आपण चालतात, बोटी आपल्या आपण धक्क्याला लागतात. फाटकावर माणूस नाही, यंत्रमानव आहे. उंच, पितळी रंगाचा, छातीत काचेची खिडकी. त्या काचेवर उजवा अंगठा ठेवायचा. ड्रायव्हर त्याला भालदार म्हणतात. समोर 'भालदारसाहेब' आणि पाठीमागे जे म्हणतात ते मुलांच्या गोष्टीत लिहिता येत नाही.

"अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा," भालदार म्हणाला. "आपला दिवस शुभ असो."

"तुजाबी असू दे," आबा म्हणाले आणि ट्रक बाजूच्या शेडपाशी घेतला.

ट्रकमध्ये मिरजेच्या सतारी होत्या. चाळीस लाकडी पेट्या, वर ताडपत्री, त्यावर दोरखंड. यंत्राने पट्टा आवळला तर पेटी चेपते, म्हणून सतारीचा माल अजून हाताने बांधतात. आबांसारखी गाठ मारणारे तालुक्यात तिघेच उरले होते.

खाली उतरून आबा शेडच्या नळाकडे गेले. नळापाशी एक डबा ठेवलेला होता, त्यात धुण्याची पावडर आणि बारीक वाळू. त्यांनी चिमूट घेतली आणि अंगठा घासायला लागले. घास घास घासला.

"आबा, किती घासता?"

"यंत्राला मळका हात चालत न्हाई. समदे ड्रायव्हर घासत्यात. बघ की डबा, खास ह्याच्यासाठीच ठेवलाय."

रुंजीने डब्यात बघितलं, मग आबांच्या अंगठ्याकडे बघितलं. मग ती शेडमधल्या बाकावर दप्तर काढून बसली. शाळेत बाईंनी एक प्रयोग दाखवला होता. कागदावर पेन्सिलीचं शिसं दाट घासायचं, त्यावर बोट फिरवायचं, काळ्या झालेल्या बोटाला पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि ती अलगद काढून वहीत चिकटवायची. बोटाचा ठसा वहीत. घरी करून बघा, काही मोडत नाही.

रुंजीने आधी आपला अंगठा घेतला. वहीत सुंदर भोवरा उमटला. मग आबांचा घेतला. नुसता करडा डाग. मध्ये कुठेतरी दोन तुटक्या रेषा.

"आबा, तुमच्या बोटावर काहीच नाहीये."

"तुला एवढं तरी कळलं. यंत्राला कळंना."

"त्यालाही तेच कळलंय," मागून आवाज आला.

मागे पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, पायात बूट, खांद्याला पेटी. डॉ. सकीना मुकादम. भालदाराला माणसं ओळखायला शिकवणं हे त्यांचं काम. दोनदा नापास झालेल्या ड्रायव्हरची सूचना त्यांच्याकडे जात असे.

"काका, मी याची मास्तरीण," त्या आबांना म्हणाल्या.

"मग बाई, पोरगं लई हट्टी निपजलं तुमचं."

"हट्टी नाही. अर्धवट शिकलंय, आणि तो दोष शिकवणारीचा." बाई रुंजीजवळ बाकावर टेकल्या. "तुझी वही दाखव. हे बघ, या रेषा म्हणजे कातडीचे उंचवटे. शेतातल्या वरंब्यांसारखे. काही रेषा मध्येच संपतात, काहींना फाटे फुटतात. अशा जागांना आम्ही खूणबिंदू (रेषा जिथे संपते किंवा दुभंगते ती जागा) म्हणतो. भालदार बोटाचा फोटो आठवत बसत नाही. तो फक्त हे बिंदू कुठे कुठे आहेत तेवढं नोंदवतो. पुढच्या वेळी बोट आलं की बिंदू जुळवून बघतो आणि शंभरपैकी गुण देतो."

"पास किती गुणांना?"

"साठ. तो उंबरठा-गुण (ज्याच्या खाली फाटक उघडत नाही असा आकडा)."

"आबांना किती?"

बाईंनी पेटीतून हातात मावेल असं चाचणीचं यंत्र काढलं. भालदाराचाच धाकटा भाऊ, पण यावर नापास झालं तर पास गोठत नाही. आबांनी अंगठा ठेवला. सव्वीस.

"मग सोपं आहे," रुंजी म्हणाली. "उंबरठा वीसवर आणा."

"आणते." बाईंनी बटण फिरवलं. आबांनी पुन्हा अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, "या, धोंडिराम कोळेकर."

"झालं की," आबा म्हणाले.

"थांबा. पोरी, आता तू ठेव."

रुंजीने अंगठा ठेवला. तिला चोवीस गुण मिळाले. यंत्र त्याच सुरात म्हणालं, "या, धोंडिराम कोळेकर."

आबांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. "या धोंडिरामराव, घ्या गाडी आत."

"कळलं?" बाई म्हणाल्या. "ओळखणारं यंत्र दोन तऱ्हेने चुकतं. खऱ्याला बाहेर ठेवतं, नाहीतर खोट्याला आत घेतं. उंबरठा वर नेला की पहिली चूक वाढते, खाली आणला की दुसरी. आत स्फोटक रसायनं असतात, इंधनाच्या टाक्या असतात. कुणीही आत आला तर तुझ्या आबांच्याच जिवाला धोका."

रुंजी वहीकडे बघत राहिली. "पण आबांच्या रेषा गेल्या कुठे?"

"बत्तीस वर्षं दोरखंड. आणि हा डबा." बाईंनी वाळूच्या डब्याला बुटाचं टोक लावलं. "दोरीने झिजलेलं बोट तुम्ही वाळूने आणखी झिजवता. यंत्र नाकारतं म्हणून घासता, घासता म्हणून यंत्र नाकारतं."

आबांनी अंगठा हळूच विजारीला पुसला. शरमल्यासारखं.

ही शरम मात्र त्यांची नव्हती, आणि वाचणाऱ्या पोरांनी हे नीट लक्षात ठेवावं. भालदाराला शिकवताना त्याच्यापुढे हजारो हात ठेवले होते. ते सगळे कचेरीतले होते. मऊ, कोरडे, बटणं दाबणारे. दोरी ओढणारा एकही हात कुणी त्याला दाखवला नाही. न शिकवलेल्या धड्यावर यंत्र नापास होतं आणि शिक्षा ड्रायव्हरला, याला विज्ञान म्हणत नाहीत. याला आळस म्हणतात.

"बाई," रुंजीने विचारलं, "पहिल्या दिवशी आबांचा फक्त अंगठाच घेतला होता?"

"नाही. नोंदणीला दहाही बोटं घेतात."

"मग भालदार एकच का मागतो?"

"कारण... लवकर होतं म्हणून," त्या म्हणाल्या. "तेव्हा आम्हाला ते पुरेसं वाटलं."

रुंजीने कामाला सुरुवात केली होती. "आबा, हात." एकेक बोट शिशावर, पट्टीवर, वहीत. तर्जनी, डाग. मधलं, डाग. उजवा हात संपला, डाव्याचीही चार बोटं तशीच. आता उरली डावी करंगळी.

या करंगळीचा घरात मोठा बोलबाला होता. ऐन तरुणपणी ती ट्रकच्या फाळक्यात (मागच्या झडपेत) सापडली आणि तेव्हापासून वाकत नव्हती. आबा गाठ मारत, चहाची बशी धरत, तेव्हा ती एकटी ताठ उभी. आज्जी म्हणायची, "सगळी कामाला लागल्यात, आन ही महाराणी बघा."

रुंजीने महाराणीची पट्टी काढली आणि वहीत चिकटवली.

भोवरा. पूर्ण, दाट, एकेक फाटा मोजता यावा असा.

"हिने कधी दोरी धरलीच नाही," रुंजी हळूच म्हणाली.

बाईंनी उंबरठा पुन्हा साठवर नेला आणि छोट्या यंत्रावर डावी करंगळी निवडली. आबांनी ताठ बोट टेकवलं. एक्याण्णव.

"आयुष्यभर शिव्या खाल्ल्या बिचारीनं," आबा म्हणाले.

आता खरा प्रयत्न होता, तिसरा. रुंजीला आत परवानगी नव्हती. ती सकीनाबाईंचा हात धरून शेडपाशी उभी राहिली. बाईंनी भालदाराला आपल्या पेटीतून हुकूम दिला की या वेळी डावी करंगळी माग. ट्रक पुढे गेला. आबांनी खिडकीतून हात काढला. भालदाराची काच निळी झाली, बराच वेळ निळीच राहिली.

"या, धोंडिराम कोळेकर. आपला दिवस शुभ असो."

फाटक उघडलं. सतारी आत गेल्या.

रुंजी बाईंकडे वळली. "पण बाकीच्या ड्रायव्हरांना करंगळी कुठेय अशी?"

"बरोबर विचारलंस." बाई पेटी उघडून बाकावर बसल्या. "वाळूचा डबा आजच हलवू. रेषांचा मूळ आराखडा कातडीच्या खालच्या थरात असतो. घासणं थांबलं तर महिन्याभरात पुष्कळ रेषा परत वर येतात. शिवाय तळहातातल्या शिरांचं जाळं असतं, प्रत्येकाचं वेगळं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात (लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश) ते यंत्राला काळं दिसतं. दोरी कितीही ओढा, आतल्या शिरा झिजत नाहीत."

"ते यंत्र आहे तुमच्याकडे?"

"आहे. साहेबांच्या कचेरीच्या दाराला लावलंय."

रुंजीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"हो गं, कळतं मला. उद्या खाली आणते. साहेब अंगठा लावतील, त्यांचा चांगला आहे." बाईंनी यंत्र पुढ्यात ओढलं. "आत्ता एवढं करू की दहाही बोटं मागून झाल्याशिवाय प्रयत्न चुकला असं धरायचं नाही. आणखी काही?"

"त्याचं ते 'ओळख पटली नाही'वालं वाक्य बदला," रुंजी म्हणाली. मग तिने वहीच्या पानावर नवं वाक्य लिहून दिलं.

दोन तासांनी आबा रिकामा ट्रक घेऊन बाहेर पडायला आले. बाहेर पडतानाही ओळख द्यावी लागते. सवयीने त्यांनी उजवा अंगठाच ठेवला आणि जीभ चावली. काच लाल झाली.

भालदार म्हणाला, "मला तुम्हाला ओळखता आलं नाही. कमी मी पडलो. दुसरं बोट देता का?"

आबा खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला तरी बघत राहिले.

"असं विचार की बाबा," ते म्हणाले. मग बत्तीस वर्षं राबलेल्या हाताची ती ताठ करंगळी त्यांनी अगदी सावकाश, ऐटीत काचेवर टेकवली.