जोडीतलं एक

कार्दिताचा जन्म काशाच्या पट्ट्या कानशीने घासून सुरात आणण्यात गेला. बालीसमोरच्या त्या बेटावरची सगळी वाद्यं त्याच्याच हातची. देवळाचा उत्सव तीन दिवसांवर आला, तसा तो सभामंडपात पट्ट्या तपासायला बसला. ढोल वाजवणारे सुकर्ताकाका शेजारी नारळ सोलत होते.

"सुवित्री वाजवणार आहे," कार्दिता म्हणाला.

काकांचा कोयता थांबला. "एकटी?"

बेटावर वाद्यं जोडीनंच घडतात. एक किंचित चढं, एक किंचित उतरं. दोन्ही एकदम वाजली की सुरात थरथरती लाट उठते; कार्दिता सेकंदाला सात लाटा ठेवायचा. दोन सूर जितके जवळ येतील, तितक्या लाटा कमी. एकट्याचा सूर सपाट येतो, मेल्यासारखा. सुवित्री ही कार्दिताची धाकटी बहीण. तिच्या जोडीचं वाद्य तिच्या नवऱ्याचं, रेंतानाचं. चार महिन्यांपूर्वी तो होडी घेऊन समुद्रातल्या शेवाळाच्या शेतावर गेला. होडी परत आली, तो आला नाही. त्याचं वाद्य तेव्हापासून कोठीत कापडात बांधलेलं होतं.

"जोडीतलं एक एकटं वाजवू नये, हे मी तुला शिकवायचं?"

"काका, काशाला काय कळतंय? पोरगी वाळून काटकी झालीय. या निमित्तानं दोन घास तरी खाईल."

"तुझी बहीण, तू जाण," काका म्हणाले आणि नारळाकडे वळले.

दुपारी सुवित्री तालमीला बसली. तिने हातोडीने पहिली पट्टी वाजवली आणि कार्दिताने मान वर केली. सुरात लाट होती. त्याने घड्याळ धरून मोजली. सात.

दुसऱ्या दिवशी पाच भरल्या.

एखादी पट्टी ढिली असेल म्हणून त्याने तिचं वाद्य खोललं. सुराच्या मापाच्या बांबूपट्ट्यांशी एकेक सूर ताडून पाहिला. तसूभरही फरक नव्हता. तिचं हललं नव्हतं. म्हणजे दुसरंच कुणीतरी जवळ येत होतं. या विचाराचा त्याला राग आला. त्याने कोठी उघडली, रेंतानाच्या वाद्याच्या दहाही पट्ट्या सोडवल्या, पोत्यात भरल्या आणि घरी नेऊन पलंगाखाली सारल्या.

उत्सवाच्या सकाळी सुवित्री दोन वाट्या भात जेवली. गालांवर रंग आला होता. त्याच्यासमोर तिने एक पट्टी वाजवून दाखवली.

दोन.

"सुवित्री, आज राहू दे. काका म्हणतात तेच खरं."

"आता रे काय, दादा? इतकं जवळ आल्यावर?" ती हसत म्हणाली. काय जवळ आलं, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

ऊन कलल्यावर मंडप भरला. बायकांनी फळांचे मनोरे देवापुढे मांडले. वादन सुरू झालं. सुवित्री पहिल्या ओळीत होती, पण चटईच्या मधोमध नाही. शेजारी माणूसभर जागा सोडून. कार्दिता तिच्या मागे सरकून बसला. काही झालं तर तिला उचलून घरी न्यायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

लाट एक झाली.

मग लाटच उरली नाही. सूर सपाट, सरळ, न थरथरता चालला. लोक डोलत होते. काकांचा ढोल मात्र अडखळला.

कार्दिताने हात पुढे घालून तिच्या पट्ट्यांवर तळवा दाबला. सूर थांबायला हवा होता. थांबला नाही. तिची हातोडी पडत होती आणि तळव्याखालचं कासं दगडासारखं निपचित होतं.

त्याने तिच्या हातातली हातोडी काढून घेतली.

तिची गत चालूच राहिली. एक ठोकाही चुकला नाही.

सुवित्रीने रिकामे हात मांडीवर ठेवले आणि लहानपणी तो तिची समजूत घालायचा तशा आवाजात ती म्हणाली, "उगाच घेतलीस, दादा. मी आता तिकडूनच वाजवतेय."