आधी वाइन, मग ताटली

सोमवारी मी साबणाशिवाय आंघोळ करते. केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही, आदल्या दिवसापासून कच्चा कांदा नाही. धाकटा म्हणतो, कामावर जाण्याआधी मुद्दाम अस्वच्छ राहणारी बाई जगात तू एकटीच. पण माझं कामच नाकाचं. तीस वर्षं प्रयोगशाळेत पाणी तपासलं, निवृत्त झाल्यापासून भावाच्या हॉटेलासाठी वाइन तपासते. आधी लिहायचं, शेजारी वेळ टाकायची आणि मगच मत द्यायचं, ही प्रयोगशाळेतली सवय अजून सुटलेली नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि त्यांच्यासाठी वेळही नाही.

धाकटा म्हणजे हाच भाऊ. पन्नाशी उलटली तरी धाकटाच. हाताला चव आहे आणि त्याची त्याला पुरेपूर कल्पनाही आहे. गेल्या वर्षी शेगडीसमोर उभा असतानाच त्याच्या छातीत कळ आली, आठ दिवस हॉस्पिटलात काढले. आम्हाला दुसरं कोणी नाही. मी त्याला आणि तो मला. तेव्हापासून तो जिना चढून आला की मी गुपचूप त्याचे श्वास मोजते. तो चिडतो. चिडेना का.

एका बंद पडलेल्या द्राक्षमळ्याच्या मालकीणबाईंनी आम्हाला चार बाटल्या दिल्या होत्या. दोन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली पांढरी वाइन, गोडवा अजिबात नसलेली, एकवीस वर्षं जुनी. पांढरी सहसा एवढी टिकत नाही, तिचं पाणी होतं. पंधरा दिवसांनी हॉटेलात मोठं जेवण होतं आणि हिच्यासोबत काय वाढायचं ते ठरवायचं होतं.

आमची पद्धत ठरलेली. हॉटेल सोमवारी बंद असतं. सकाळी अकराला मी बाहेर, पांढरा कागद अंथरलेल्या टेबलाशी. तो आत स्वयंपाकघरात, दार लावून. काय शिजतंय ते मला सांगायचं नाही. मी नुसती वाइन हुंगून लिहिते, मग तो ताटली आणतो. एक घास, एक घोट, आणि दोघांचं पटतंय का बघायचं.

पहिल्या ग्लासाचा रंग जुन्या पितळेसारखा होता. मेण, सुकं गवत, बदामाची साल. अकरा वाजून पाच. थोड्या वेळाने त्यात लोणी आलं, मागोमाग लिंबाची साल आणि माशाची खरपूस कातडी. धाकटा लोण्यात परतलेला मासा घेऊन आला. इतका जमलेला संसार मी आजवर पाहिला नव्हता. दुसरा ग्लास ओतला, तर ओल्या मातीचा आणि मशरूमचा वास. ताटलीत मशरूम. तिसऱ्यात भाजलेला लसूण आणि कोंबडी, ताटलीतही तेच.

"ही बया सगळ्यांशी जमवून घेते," मी म्हटलं.

"मग तुझ्या माहेरची नक्की नाही," तो म्हणाला.

मी कागदावर दोनदा अधोरेखित करून लिहिलं: कशाबरोबरही चालेल. वाइन आणि पदार्थ जुळले की आम्हा लोकांना असा काही आनंद होतो, की आधी कोण आलं हे विचारायचं भानच राहत नाही. माझी चूक झाली ती तिथे.

मंगळवारी घरी बसून मी टिपणं सुवाच्य अक्षरात उतरवत होते. एका ओळीशी हात थांबला. अकरा पंचवीस: करपलेलं दूध.

दूध करपलं होतं, खरंच. सॉसचं पातेलं त्याने ओट्यावर आदळलं होतं, चार शिव्याही हासडल्या होत्या. दार बंद असून मला ऐकू आल्या. पण तेव्हा बारा वाजायला आले होते. दाराच्या फटीतून वास येतो, मान्य. पण अकरा पंचवीसला ते दूध फ्रीजमध्ये थंड होतं. आणि दूध करपवायचं असं कोणी आधी ठरवत नाही.

पुढच्या सोमवारी मी त्याला सगळं सांगितलं. त्याने अर्थातच हसण्यावारी नेलं.

"ताई, तुला चढली होती."

"मी थुंकते, गिळत नाही."

"मग थुंकीला चढली असेल."

तरी तयार झाला. दुसरी बाटली उघडली. आठ पदार्थांच्या चिठ्ठ्या वाडग्यात टाकल्या. मी हुंगून लिहायचं, कागद दुमडून मिठाच्या भांड्याखाली ठेवायचा, आणि त्यानंतरच त्याने चिठ्ठी उचलायची.

पहिल्यांदा मी लिहिलं: उकडलेलं अंडं, मिरी. त्याने अंड्याची चिठ्ठी उचलली. "आठात एक," तो म्हणाला, "एवढं तर मटक्यातही लागतं."

दुसऱ्यांदा मी लिहिलं: बीट. आणि लोखंडासारखं काहीतरी. बिटाची चिठ्ठी वाडग्यात नव्हतीच. त्याने कोंबडीची उचलली आणि आत गेला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. चुकले होते मी.

वीस मिनिटांनी तो बीट घेऊन आला. "कोंबडीला वास मारत होता, टाकून दिली. म्हटलं हे तरी..." त्याच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं होतं, त्यावर रक्ताचा डाग. मी मिठाच्या भांड्याखालचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो वाचला, बोटाकडे बघितलं, पुन्हा वाचला.

यावेळी तो हसला नाही. "अजून एकदा," म्हणाला आणि स्वतःच माझा ग्लास भरला.

मला नको होतं. पण हात सवयीने पुढे गेला.

स्पिरिट. इस्त्रीची चादर. रबराचे हातमोजे. छातीवर चिकटवतात त्या पट्ट्यांचा गोडसर गोंद.

खाण्याचं त्यात काही नव्हतं. तो वास मी गेल्या वर्षी आठ दिवस अंगावर घेऊन घरी येत होते. मी लिहिलं नाही, वेळही टाकली नाही. आत जाऊन गॅस बंद केला.

"चप्पल घाल."

"काय आलं वासात?"

"चप्पल घाल म्हटलं ना."

टॅक्सीत मी त्याचं मनगट सोडलं नाही. हॉस्पिटलात त्याच्या छातीला पट्ट्या लावल्या, रक्त घेतलं, तीन तास ठेवून घेतलं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "यांना काहीही झालेलं नाही. माझ्यापेक्षा बरं चाललंय यांचं. आणलंत कशासाठी?"

मी तिथल्या बाकावर बसले आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तोच स्पिरिट, त्याच चादरी, तोच गोंद. ग्लासात पुढची गोष्ट येते, आणि पुढची गोष्ट होती हॉस्पिटल. आम्ही आलो, झालं, संपलं. माझा जीव भांड्यात पडला. मी चक्क रडले, आणि धाकटा मशिनच्या पाणचट कॉफीचा कप धरून शेजारी उभा राहिला.

चार वाजता परत आलो. टेबलावर उन्हाची तिरीप होती. बाटलीच्या तळाशी थोडी वाइन उरली होती.

"आता मी बघतो," त्याने ती स्वच्छ ग्लासात ओतली. "तुझंच नाक काय सोन्याचं आहे?"

"तुला बंदी आहे."

"पिण्याची. हुंगायची नाही."

मी कागद गोळा करत होते. त्याने नाक ग्लासात घातलं. काढलं. पुन्हा घातलं.

"काय येतंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे.

मग उठून त्याने ग्लास मोरीत ओतला. नळ सोडला, आणि ग्लास धुऊन झाला तरी बंद केला नाही.

"सांग ना रे."

"काही नाही. शिळी झालीय."

त्याने माझ्या हातातले कागद काढून घेतले. खुर्ची ओढली, मला खांद्याला धरून बसवलं.

"तू बस. दमलीस. काय खाशील? सांग. काहीही सांग, मी करतो."

अगदी हळू बोलत होता, जरासा वाकून, एकेक शब्द सुटा करत. आईच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्याशी असंच बोलायचो.