बिजागरीचा स्क्रू

“लाकूड पाण्यावर तरंगतं,” मी दुसरीच्या वर्गाला ठासून सांगितलं.

“सगळंच नाही तरंगत.”

आवाज मागून आला. वर्गातल्या कपाटाचं दार निखळलं होतं, ते बसवायला आलेला सुतार होता तो. गुडघ्यावर बसलेला, केसांत भुसा... आणि डोळ्यांत चक्क हसू! एवढ्या पोरांसमोर मला खोटं पाडतो म्हणजे काय? माझं डोकंच फिरलं.

“मग दाखवा,” मी म्हणाले.

त्याने पिशवीतून एक काळसर, जड तुकडा काढला आणि प्रयोगासाठी ठेवलेल्या पाण्याच्या टबात सोडला. तुकडा सरळ तळाला गेला. “बाई चुकल्या! बाई चुकल्या!” वर्गाने असा काही जल्लोष केला, की माझे कान तापले. पण एरवी खिडकीबाहेर बघत बसणारी पोरंही टबाभोवती गोळा झाली. का बुडलं, कसं बुडलं, नुसता भडिमार! मला मनापासून आनंद झाला, फक्त त्याला तो दिसू दिला नाही.

निघताना तो जवळ आला. “रागावलात? माझ्या तोंडाला कुलूपच नाही हो.”

“निदान कपाटाला तरी लावा.”

दुसऱ्या दिवशी कुलूप बसवायला आला तो सहा जातींच्या लाकडांचे तुकडे घेऊन. सगळे एका मापाचे, कडा पॉलिशपेपरने घासलेल्या. “पोरांच्या बोटांना टोचायला नको,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. एक तुकडा मी सहज गालाला लावून पाहिला — आणि मेल्याने नेमकं तेव्हाच वर बघितलं.

कपाट झालं की हा जाणार, हे मला बुधवारी त्याने हत्यारं आवरली तेव्हा उमगलं. म्हणून मग शाळा सुटल्यावर, वर्ग रिकामा झाल्यावर... मी स्टीलच्या पट्टीने बिजागरीचा एक स्क्रू सैल केला. सांगायला लाज वाटते, पण केला. गुरुवारी दुसरा. शुक्रवारी तिसरा.

“एवढं काय गं ते कपाट मोडतंय?” आईने जेवताना विचारलं. रोज सुताराच्या गोष्टी ऐकून तिला कळायचं ते कळलं होतं.

“जुनं आहे,” म्हणत मी ताटात डोकं घातलं.

शनिवारी तो बिजागरीकडे बराच वेळ बघत राहिला. “कमाल आहे. स्क्रू आपोआप सैल कसे होतात?”

“हवा दमट आहे ना... त्यामुळे धातू... म्हणजे —”

“बाई, काल तुम्हीच फिरवलात ना!” पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची चिमुरडी उभी राहिली. “मी डबा न्यायला परत आले होते, तेव्हा पाहिलं. तुमच्या पट्टीने!”

नीट बघा आणि पाहिलेलं न घाबरता सांगा, असं मीच वर्षभर त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. आता हिला कोणत्या तोंडाने गप्प बसवू? धरणी दुभंगावी, असं झालं. तो मात्र पाठमोरा होऊन स्क्रू पिळत राहिला.

शाळा सुटली. पोरं पांगली. त्याने पिशवी खांद्याला लावली.

“लांब स्क्रू घातलेत. आता पट्टीने हलायचे नाहीत.” तो दारापर्यंत गेला, थांबला. “पण मग... सोमवारी काय सांगून येऊ?”

आज गप्प राहिले असते, तर जन्मभर स्वतःवर चडफडले असते.

“काही सांगू नका. कपाटासाठी नाही — माझ्यासाठी या. तुम्ही मला आवडता.”

त्याने मान खाली घातली. मग हसत वर बघितलं.

“बाई, कुलूप बसवायला अर्धा तास लागतो. मी दोन दिवस बसवत होतो.”

सोमवारी शाळा सुटायच्या कितीतरी आधी तो फाटकाशी येऊन उभा होता. हातात पिशवी नव्हती.