हळदीचे रिंगण

बी पडते, पण रुजत नाही. असे का? सलग तीन वर्षे सुमेधाने या कोड्यापुढे हात टेकले होते.

साल २०७१. वणव्यांनी डोंगरमाथ्यावरचे जंगल खाऊन टाकले होते. उरले होते एक काचघर आणि त्यात रानबनफशाचे शेवटचे रोप. सुमेधाचे आजोबा, वनस्पतिशास्त्रज्ञ भास्कर ढेबे, या इवल्या जांभळ्या फुलांच्या रोपाला सावली, गारवा, ओलसर पालापाचोळा असे सगळे काही देत. तरी ते पिवळे पडत चालले होते. म्हातारे झाले होते बिचारे.

"फुलं उमलत नाहीत, मग बी कुठून येतं?" सुमेधाने विचारले.

"ही मिटकी फुलं (न उमलता स्वतःच्याच परागांनी बी धरणारी फुलं)." आजोबांनी एक बी भिंगाखाली धरले. "टोकाचा पांढरा ठिपका बघ. हा तेलमणी (बियाला चिकटलेला स्निग्ध खाऊ). बुरशी लागते ती इथूनच. झाडाने हा खाऊ ठेवलाय तरी कुणासाठी?"

सुमेधाची नजर कुंडीभोवतीच्या पिवळ्या रिंगणावर गेली. आई साखरेच्या डब्याभोवती हळद टाकते, तशी ती रोज इथे टाकत असे. रोपाला मुंग्या लागू नयेत म्हणून!

"मुंग्यांसाठी," ती कशीबशी म्हणाली. "आजोबा, मीच घात केला."

आजोबांनी खोटा धीर दिला नाही. "मीही रोज बघत होतोच की! मुंगी तेलमणी खाते आणि साफ झालेलं बी आपल्या उकिरड्यावर टाकते. तिथली माती ओली, खतावलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?"

हळद पुसली. पण मुंग्या आणायच्या कुठून? गुळाचा खडा घेऊन सुमेधा दोन दिवस जळक्या डोंगरावर भटकली. तिसऱ्या दिवशी एका दगडाखाली बारीकशी रांग दिसली. मातीच्या ढेकळासकट तिने मुंग्यांचे घर उचलून कुंडीजवळ आणले.

शेवटची शेंग तडकली. सात बिया उडाल्या. मुंग्यांनी त्या ओढून नेल्या, आणि त्याच आठवड्यात रोप मेले. सुमेधा खूप रडली.

थंडी सरली, तेव्हा मुंग्यांच्या उकिरड्यावर एक हिरवे पान दिसले, डाळीएवढे. आणखी सहा बिया मातीत होत्या.

पानावर एक मुंगी चढू लागली. सवयीने सुमेधाचा हात तिला झटकायला पुढे झाला. तिने तो मागे घेतला.