साडेपाच मिलिमीटर

मामाला कशाचीच किळस येत नसे, हे त्या डोळ्यांच्या रुग्णालयात सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत बसून तो बावीस वर्षं सोनोग्राफीच्या यंत्रावर लोकांच्या डोळ्यांच्या आतली चित्रं काढत होता. पडद्यावर पू असो, गाठ असो, तो शेजारी डबा उघडून निवांत जेवायचा. नवी सिस्टर आली की पहिला आठवडा तोंडाला रुमाल लावून बसायची, दुसऱ्या आठवड्यात सरावायची. असा हा गडी. म्हणूनच त्या दुपारी त्याने धावत बेसिन गाठलं, हे आधी कुणाला पटेना. तुम्हालाही पटायची सक्ती नाही. ऐकून घ्या फक्त.

काम रोजचंच होतं. फरक एवढाच की टेबलावर त्याची सख्खी भाची आडवी झाली होती. लहानपणी तिचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. तेव्हा कुणीतरी शस्त्रक्रिया करून नाकाकडचा स्नायू सैल केला, तो जरा जास्तच सैल झाला, आणि वर्षागणिक निसटत मागे गेला. आता डोळा कानाकडे पळत होता. उद्या सकाळी आठला रुग्णालयाच्या सर्जन मॅडम तो स्नायू शोधून पुन्हा जागेवर शिवणार होत्या. पण त्यांनी बजावलं होतं, स्नायूचं टोक नेमकं कुठे आहे त्याचा आकडा हातात पडला तरच मी उद्या सुरी धरणार. उगाच डोळ्यात चाचपडत बसणार नाही.

"नीट शोध हां मामा," भाची म्हणाली. "सोमवारपासून नव्या शाळेत शिकवायला जायचंय. जुन्या शाळेत मी प्रश्न एकाला विचारायचे आणि उत्तर द्यायला तिघं उभे राहायचे."

"चांगलं होतं की. वर्गावर दरारा."

"दरारा कसला. मी वळले की मागे नक्कल चालायची."

हे ती हसत म्हणाली, पण हात मात्र टेबलाची कड घट्ट धरून होते. मामाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बाहेर टळटळीत दुपार होती, तरी यंत्रासाठी खोलीचे पडदे ओढलेले. कोपऱ्यात छोटा दिवा लावून सिस्टर कागद घेऊन बसली होती. पद्धत अशी, की मामाचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून तो आकडा मोठ्याने सांगायचा आणि ती लिहायची. बधिर करणारे थेंब टाकून झाले. पापण्यांच्या मध्ये बिनबुडाचा छोटा कप बसवला, त्यात सलाइन भरलं आणि मामाने यंत्राच्या प्रोबचं टोक अलगद पाण्यात बुडवलं.

आधी उजवा, चांगला डोळा. तुलनेसाठी तो नेहमी आधी घ्यायचा. पडद्यावर डोळ्याची पांढरी कमान उमटली आणि तिला चिकटलेला स्नायूचा करडा पट्टा.

"साडेपाच," मामा म्हणाला. बुबुळाच्या कडेपासून साडेपाच मिलिमीटर. शंभरातल्या नव्वद डोळ्यांचा हाच आकडा. तो मामाच्या जिभेवर इतका बसला होता की झोपेतही तोच निघायचा, असं त्याची बायको सांगे.

मग डावा.

"कानाकडे बघ बाळा. छतावर लाल टिकली आहे ना, तिकडे."

स्नायू सापडला. बारा मिलिमीटरवर, पार मागे. पण त्याचं टोक डोळ्याला चिकटलेलं नव्हतं. ते सुटं होतं, जाड होतं, आणि जळूच्या तोंडासारखं मिटत-उघडत होतं.

रक्तवाहिनीचे ठोके असतील, असं मामाने स्वतःला सांगितलं. आकडा सांगायला तोंड उघडलं आणि जिभेने नेहमीचा घोळ घातला.

"साडेपाच."

सिस्टरने लिहिलं. आता चूक सुधारायची म्हणून त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

टोक साडेपाचवर होतं.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "आत काहीतरी सरकलं."

"डोळा बधिर आहे तुझा."

"माहितीय... पण गार होतं."

मामाने मापाची रेघ दोनदा लावून बघितली. साडेपाच. ते जाड टोक आता डोळ्याच्या कमानीवर पसरून बसलं होतं, शेजारच्या डोळ्यातल्या स्नायूची हुबेहूब नक्कल करत. म्हणजे हुबेहूब होण्याची खटपट चालली होती. कडा अजून बसायच्या होत्या. गोगलगाय काचेवर बूड जमवते ना, तसं ते एकेक कड जमवत होतं.

मामाच्या घशात काहीतरी वर आलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि तरी माणूस खोडसाळच. राहवलं नाही त्याला. घसा खाकरून तो म्हणाला, "सात."

पडद्यावर ते टोक दचकलं. चिकटलेली कड सुटली, मागे एक लांब तार ओढत ते दीड मिलिमीटर मागे घसरलं आणि सातच्या खुणेवर येऊन टेकलं. टेकलं आणि थांबलं. पुढचा आकडा ऐकायला थांबावं तसं.

"सात की साडेपाच?" सिस्टर वैतागली. "खाडाखोड केली की मॅडम माझ्यावर ओरडतात."

मामाने प्रोब काढला, कप उचलला. कप सहज निघाला नाही. ओढ लागली, मग ओल्या ओठांसारखा आवाज करून सुटला. आतलं सलाइन गढूळ झालं होतं, त्यात केसाएवढ्या पांढुरक्या तारा लोंबत होत्या, आणि चार दिवस पाणी न बदललेल्या फुलदाणीसारखा वास येत होता. त्यातला थेंब त्याच्या मनगटावर पडला. कोमट होता.

बेसिन गाठलं ते तेव्हा. सगळा डबा बाहेर आला. साबणाने मनगट तीनदा धुतलं, तरी तिथली कातडी बुळबुळीतच लागत होती.

"मामा ओकले?" ही खबर जिन्यावरून खाली गेली आणि ती ऐकून मॅडमच वर आल्या. मामाने त्यांना दाराबाहेर गाठून, आवाज खाली आणून सगळं सांगितलं.

"मॅडम, तो स्नायू नाही. तो... बोललेलं ऐकतो."

"मामा, जेवल्यावर पंधरा मिनिटं पडत चला. वय झालं आता."

"तुम्ही फक्त आत जाऊन आकडा बोलू नका. उद्याचं रद्द करा आणि..."

"आकडा नको तर मी इथे कशाला आले?" असं म्हणत त्या आत गेल्या, नवा कप बसवला, प्रोब हातात घेतला. मामा दारात उभा राहिला. आत पाय टाकवेना.

"बघू या," मॅडम नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. "खरं तर असायला हवा साडेपाचला..."

मग त्या पडद्याच्या आणखी जवळ गेल्या.

"आहेच की साडेपाचला. छान बसलाय. कोण म्हणालं निसटलाय म्हणून?"

कप निघाला. भाची उठून बसली. मॅडमनी बोट नाचवून दोन्ही डोळे तपासले, एकेक झाकून पाहिला, पुन्हा पाहिला. डोळे सरळ होते. पट्टी लावून आखल्यासारखे.

"असं क्वचित होतं," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आता तितका मोठा नव्हता. "उद्याचं ऑपरेशन नको. महिन्याने या."

सिस्टरने आरसा दिला. भाची बघत राहिली. मग आरसा खाली न ठेवताच रडायला लागली, आवाज न करता, लहान मुलीसारखी नाक ओढत.

मामाच्या जिभेवर 'बारा' आला होता. एक शब्द, आणि मॅडमना सगळं डोळ्यांनी दिसलं असतं. भाचीलाही, हातातल्या त्याच आरशात. त्याने तो शब्द गिळला. गिळताना पुन्हा त्या फुलदाणीची चव आली.

ती खाली गेली. तो खोलीत उभा राहिला, मग त्याला राहवेना म्हणून दोन-दोन पायऱ्या उतरत फाटकापाशी पोचला. ताई, म्हणजे भाचीची आई, लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हात फिरवून बघत होती.

"अरे, काय जादू केलीस रे," ताई म्हणाली. "इतकी वर्षं मी हिच्या डोळ्यापायी जीव टांगून बसले होते."

"मी काही नाही केलं."

"मामा, खरंच सरळ दिसतायत ना?" भाचीने विचारलं.

तिच्या डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पांढुरक्या चिकाचा एक मणी जमला होता. तिने तो करंगळीने पुसला. लगेच दुसरा आला.

"सरळ आहेत," मामा म्हणाला. आणि खोटं नव्हतं ते.

"पण टिकेल ना रे हे?" ताईने त्याचा दंड धरला. "तुला यातलं कळतं. मॅडम काही नीट सांगेनात. खरं सांग, असे किती दिवस राहतील? एक आकडा सांग मला."

मामाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

भाची आईकडे बघून हसत होती. तिचा उजवा डोळाही आईकडेच होता. डावा मात्र सावकाश वळला, मामाच्या ओठांवर आला आणि तिथे थांबला.