गोल डोक्याचा माइक

“मोकळ्यावर समोरचंच ऐकणारा माइक लावायचा, खारू. पाठीमागचं आपल्याला ऐकायचं नाही.”

मास्तरांचं हे सांगणं माझ्या भाचीने बारा वर्षं पाळलं. पुढे लिहिते त्यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. खारूने देवासमोर बसून जसं सांगितलं, तसंच सांगते आहे.

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळचे पावणेसात. शहराबाहेरची दगडाची जुनी खाण, पाण्याने भरलेली.

खारू गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं रेकॉर्डिंग करते. हे काम तिला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे तिच्या बाबांचे जिवलग मित्र. बाबा बासरी वाजवायचे. खारू चार वर्षांची असताना एका सकाळी ते बासरी घेऊन बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. संध्याकाळी मास्तर घरी आले आणि माझ्या बहिणीला खाली मान घालून म्हणाले, “वहिनी, रेकॉर्डिंग आटोपून मी त्याला बसथांब्यावर सोडलं. दुसरं कुणीतरी आहे त्याचं. वाट बघू नका.”

बहिणीने बघितली. चोवीस वर्षं तिच्या दाराला रात्री आतून कडी लागली नाही.

मास्तरांनी मात्र त्या घराला अंतर दिलं नाही. खारूच्या शाळेच्या अर्जावर पालक म्हणून सही त्यांचीच. गुडघे गेल्यावर त्यांनी माइकची आख्खी पेटी तिला देऊन टाकली.

“खाणीत तेवढी जाऊ नकोस,” म्हणाले. “तिथे आवाज फुटतो.”

पण त्या सकाळी जिचं रेकॉर्डिंग होतं, त्या व्हायोलिनवालीला खाणीचाच घुमारा हवा होता.

खारूने आधी तो समोरचंच ऐकणारा लांबट माइक लावला. वाऱ्यासाठी त्यावर केसाळ टोपी चढवली. व्हायोलिनवालीने चार सूर काढले, ऐकले आणि नाक मुरडलं.

“हे तर माझ्या बंद खोलीतही झालं असतं. आणि ते मांजर उतरव आधी, मला हसू येतं.”

“मांजर नाही गं, वाऱ्याची टोपी आहे.”

“वारा आहे कुठे?”

खरंच नव्हता. पाण्यावर रेघसुद्धा नव्हती.

वारा नाही म्हटल्यावर चहूबाजूंचं ऐकणारा माइक चालला असता. पेटीच्या तळाशी तसा एक होता. गोल डोक्याचा, फडक्यात गुंडाळलेला. मास्तरांच्या हातात तो तिने कधी पाहिला नव्हता. तिने मनातल्या मनात त्यांची माफी मागितली आणि तो लावला.

बाहेर रेकॉर्डिंग करताना एक मिनिट काहीच वाजवायचं नसतं. नुसती जागा टिपून घ्यायची. पुढे तुकडे जोडताना ती शांतता उपयोगी पडते.

“एक मिनिट गप्प हं.”

व्हायोलिनवाली पुतळ्यासारखी उभी राहिली.

हेडफोनमध्ये आधी पाखरं. मग पाखरंही थांबली.

आणि मग...

बासरी.

पाठीमागून.

पाठीमागे तर पाणी होतं.

तिने हेडफोन काढले. सामसूम.

पुन्हा लावले... बासरी. धून संपत आली होती. शेवटचा सूर विरला आणि माइकच्या अगदी जवळ कुणीतरी बोललं, “आता एक मिनिट गप्प.”

आवाज तरुण होता. पण ओळखीचा. याच आवाजाने तिला सायकल शिकवली होती.

मग दगडावरून पाय सटकल्यासारखं काही... आणि धप्प.

“मास्तर... हात दे रे.”

बाबांचा आवाज तिला आठवतही नव्हता. तरी अंगावर काटा आला तो ओळखूनच.

“मास्तर...”

पुन्हा जवळचा आवाज. हलका, जरासा वैतागलेला.

“थांब की. मिनिट होऊ दे.”

मग काहीच नाही.

बराच वेळ काहीच नाही.

आणि शेवटी, कानाला तोंड लावून बोलावं तसं...

“खारू, आईला सांग. म्हणावं, दार लावून घे.”

“सांगते, बाबा,” खारू म्हणाली.

“कुणाशी बोलतेयस?” व्हायोलिनवालीने विचारलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

खारूने बाजूला जाऊन मास्तरांना फोन लावला. एवढंच विचारलं, “मास्तर, बाबांना पोहता येत होतं का?”



मग मास्तर म्हणाले...

“कुठला माइक लावलास?”

तिथे तिचा बारा वर्षांचा गुरू संपला.

“गोल डोक्याचा.”

“मी सांगितलं होतं तुला.”

“हो. सांगितलं होतंत.”

“त्याला थट्टेची सवय, पोरी. मला वाटलं, पाणी उथळच आहे. मिनिट संपवून वळलो तर... पाणी स्थिर झालेलं.”

“आणि आईला?”

“घाबरलो गं. तेव्हा एकदा खोटं बोललो, मग ते फिरवता आलं नाही.”

“दर रविवारी आमच्याकडे चहा पीत होतात,” खारू म्हणाली. “आई तुम्हाला पहिला कप द्यायची.”

तिने फोन ठेवला.

ते रेकॉर्डिंग नंतर मीही ऐकलं. त्यात बासरी नाही. मास्तर नाहीत, बाबा नाहीत. पाखरं आहेत, आणि खारूचा आवाज... सांगते, बाबा.

त्यानंतर मात्र, अगदी पाठीमागे, कुणीतरी सुटल्यासारखा सुस्कारा टाकतं. व्हायोलिनवाली म्हणते, तिने टाकला नाही. वारा तर नव्हताच.

तेव्हापासून सकाळी ध्यानाला डोळे मिटून बसते तेव्हा पहिलं एक मिनिट मला जड जातं. कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतं, आणि वळावंसं वाटत नाही.

त्या सकाळी खारूने व्हायोलिन रेकॉर्ड न करताच सामान आवरलं. गोल डोक्याचा माइक पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळला, पण पेटीत ठेवला नाही. छातीशी धरला. व्हायोलिनवालीला तिच्या दारात सोडलं, आणि स्वतःच्या खोलीकडे न वळता आईच्या गल्लीचा रस्ता धरला.